हाडकुळ्या अंगातली साखर

आमच्या भागात साखरेचा आजार हा खात्यापित्या घरचा आजार समजला जातो. किराणा दुकानदार, निवृत्त मास्तर, दिवसभर गादीवर बसणारा अडत्या यांना 'शुगर' होते. उन्हातान्हात वावरात राबणाऱ्या, गळ्याची हाडं दिसणाऱ्या बाईला ती होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजही कुणाला विचारा, हेच ऐकायला मिळेल. त्यामुळे माझ्या धाकट्या जावेला सहाव्या महिन्यात गरोदरपणातला मधुमेह निघाला, तेव्हा घरात कुणाचा विश्वासच बसेना. सासूबाई तर आशाताईंवरच उखडल्या. "पोरगी पाहा बरं, नुसती हाडं. हिले कायची साखर होते वो? मशीन बिघडली असन तुमची."

मशीन धड होती. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात ढवळून, वर लिंबू पिळून जावेने ते कसंबसं घशाखाली उतरवलं होतं आणि उपकेंद्राच्या व्हरांड्यातल्या बाकावर दोन तास बसून राहिली होती. नर्सबाईंनी बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला, आकडा आला १६८. आपल्याकडच्या सरकारी नियमाप्रमाणे तो १४० च्या खाली असावा लागतो. ही तपासणी उपाशीपोटी करावी लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत भारतात रुजवण्यासाठी उभं आयुष्य घातलं. खेड्यातली बाई सकाळचा स्वयंपाक उरकून, चहा-भाकर खाऊन, ऑटो मिळेल तशी उपकेंद्रावर पोचते. तिला 'उद्या उपाशी ये' म्हटलं की ती उद्या येत नाही. बाई जेवलेली असो वा नसो, ती आली आहे तोवरच तपासून घ्या, एवढ्या साध्या समजुतीवर ही तपासणी उभी आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अंतःस्रावी ग्रंथींची आकृती फळ्यावर काढताना मेंदूच्या तळाशी पीयूषिका येते, गळ्यात अवटू येते, पोटात स्वादुपिंड आणि वृक्कावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी येतात. चरबी आणि स्नायू त्या आकृतीत नसतात. माणसाच्या अंगात वजनाने सगळ्यात जास्त भरणाऱ्या या दोन गोष्टी, आणि दोन्हींमधून रक्तात संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, सुटत असतात. जावेच्या त्या आकड्याचं उत्तर मला या दोघींतच सापडलं. घरी, शेजारी, महिला बचत गटाच्या बैठकीत ते पुनःपुन्हा सांगावं लागलं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी हाडकुळेपणाबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या शेतकरी बायका दिवस जाण्यापूर्वी सरासरी ४२ किलोच्या आसपास होत्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात दिसतात तशाच. त्यांची बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. फरक नुसता वजनाचा असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कातडीची घडी चिमटीत धरून मोजली तेव्हा दिसलं, की पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी होते, चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारकं बाळ, पण आतून चरबीचं. याज्ञिकांनी आपल्या स्वतःच्या शरीराचाही दाखला दिला आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांनी दोघांची छायाचित्रं शेजारी शेजारी छापली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के.

हे वाचल्यापासून मला अंगणवाडीतला वजनकाटा अपुरा वाटतो. काटा खोटं बोलत नाही, पण किलोत स्नायू किती आणि चरबी किती हे तो सांगत नाही. आणि मधुमेहाचं सगळं त्या वाटणीवर ठरतं.

चरबीला फार काळ कुणी भाव दिला नाही. ती म्हणजे घरातली कणगी: सुगीत भरायची, टंचाईत उपसायची, बाकी ती कोपऱ्यात मुकाट उभी. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचा जनुक शोधून काढला, आणि कणगी मुकी नाही हे कळलं. आपल्यात साठा किती आहे, याचा निरोप ती स्वतः मेंदूला धाडत असते. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं आणि भूक आवरती घ्यायला सांगतं. चरबी आटली की लेप्टिन घटतं आणि भूक खवळते. फार बारीक झालेल्या मुलींची पाळी थांबते त्यामागेही हेच आहे. साठा नाही तर मूल पोसायचं कशावर, असा हिशेब मेंदू लेप्टिनवरून करतो.

लगेच पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, दुसरं संप्रेरक सापडलं: अ‍ॅडिपोनेक्टिन. मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते यानेच, कारण त्याची चाल उलटी आहे. तयार होतं चरबीतच, पण चरबी वाढली, विशेषतः पोटातली, की ते कमी होतं. अ‍ॅडिपोनेक्टिन यकृताला आणि स्नायूंना इन्शुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर उचलायला सांगणाऱ्या स्वादुपिंडाच्या संप्रेरकाचं, ऐकायला लावतं, स्निग्ध पदार्थ जाळायला लावतं, रक्तवाहिन्यांना जपतं. ते घसरलं की इन्शुलिन असूनही साखर रक्तातच फिरत राहते. दक्षिण आशियाई लोकांमध्ये, त्याच वजनाच्या युरोपीय माणसाशी तुलना केली तरी, अ‍ॅडिपोनेक्टिन कमी आढळतं. आमच्या जावेसारख्या बाईचं कोडं इथे बरंच सुटतं. मांड्या-नितंबांच्या कातडीखाली चरबी साठवायला जागा थोडी असली की जास्तीची चरबी पोटात, यकृतात, स्नायूंच्या तंतूंत शिरते. कणगी लहान असली तर धान्य घरभर सांडणारच. वरून बघणाऱ्याला बाई बारीक दिसते, आत मात्र दाहाला खतपाणी घालणारी द्रव्यं झिरपत असतात. त्यातल्या टीएनएफ-अल्फा या द्रव्याचा आणि इन्शुलिन निकामी होण्याचा संबंध १९९३ मध्येच उंदरांवर दाखवला गेला होता.

आता यात गरोदरपणाची भर घाला.

दिवस गेले की बाईचं शरीर मुद्दामच इन्शुलिनला थोडं बहिरं होतं. हा बिघाड नव्हे, निसर्गाने आखलेली सोय आहे. आईच्या स्नायूंनी साखर झटपट उचलली तर बाळाच्या वाट्याला काय येणार? म्हणून वार, म्हणजे नाळेचं बाळाला पोसणारं मूळ, आपली संप्रेरकं आईच्या रक्तात सोडते. आईचं अ‍ॅडिपोनेक्टिन उतरत जातं, टीएनएफ-अल्फा चढतं. शेवटच्या तीन महिन्यांत इन्शुलिनचा असर जवळजवळ निम्म्यावर येतो. लेप्टिन तर वारही तयार करते, त्यामुळे गरोदर बाईच्या रक्तात ते दुपटी-तिपटीने वाढतं. एरवी इतक्या लेप्टिनने भूक मेली असती. पण या काळात मेंदू त्याला दाद देत नाही, आणि म्हणून बाई जेवू शकते, बाळासाठी साठा करू शकते. बाळंतपणात वार पडली की लेप्टिन झरझर खाली येतं. या सगळ्या रचनेत मला फार मोठी माया दिसते, आणि वर्गात सांगताना मुलीही इथे डोळे मोठे करून ऐकतात.

बहुतेक बायकांचं स्वादुपिंड हा बहिरेपणा भरून काढायला जास्तीचं इन्शुलिन तयार करतं. ज्यांचं तेवढं पुरत नाही, किंवा ज्यांचं अ‍ॅडिपोनेक्टिन मुळातच कमी आणि स्नायू मुळातच थोडे, त्यांची साखर वर जाते. पहिल्या तिमाहीत अ‍ॅडिपोनेक्टिन कमी असलेल्या बायकांना पुढे गरोदरपणातला मधुमेह जास्त होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं इवलंसं स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन सोडू लागतं, त्या इन्शुलिनने बाळाच्या अंगावर चरबी चढते, आणि जन्मल्याबरोबर नाळ कापली की आईकडची साखर अचानक बंद होऊन बाळाची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून अशा बाळाला जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं आणि त्याची साखर बघायची. सासूबाईंना बाकी कशापेक्षा हे पटलं. "लेकराले तरास होते म्हंतं, त मंग करू पथ्य," त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून मशीनला दोष देणं बंद झालं.

पथ्याचा खरा झगडा मात्र खाण्यापेक्षा बसण्यावरून झाला. आमच्याकडे चार एकर का होईना जमीन आहे. अशा घरात सुनेला दिवस गेले की दोन हुकूम सुटतात: "दोन जीवाची हाय, दोघाईचं खाय" आणि "आता कामाले हात लावू नको." डोहाळजेवणं सुरू होतात. आज मामाकडून पुरणपोळी, उद्या आत्याकडून बासुंदी. पाटावरून उठायचं ते खाटेवर टेकायला. सासूबाईंच्या मनात यामागे स्वतःचं सोसणं होतं. बहात्तरच्या दुष्काळात त्या लहान होत्या, रेशनवरची लाल मिलो खाऊन दिवस काढलेले. पुढे प्रत्येक खेपेला दिवस भरेपर्यंत निंदण केलं. सुनेच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून त्यांनी तिला खाटेवर बसवलं होतं. त्यामुळे त्यांना 'हिला चालू द्या' म्हणणं सोपं नव्हतं.

स्नायूंबद्दल सांगायचं ते इथे. जेवणानंतर इन्शुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा सगळ्यात मोठा वाटा हाडांना चिकटलेल्या स्नायूंत जातो. पण स्नायू आकुंचन पावत असेल तर इन्शुलिन नसतानाही त्याच्या पेशी साखरेचे दरवाजे उघडतात. इन्शुलिनला बहिऱ्या झालेल्या गरोदर बाईसाठी ही केवढी मोठी सवलत आहे! शिवाय काम करणारा स्नायू स्वतः संप्रेरकं सोडतो. कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या गटाने दाखवलं, की दीर्घ व्यायामात स्नायूंतून इंटरल्युकिन-६ सुटतं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण शंभरपटीपर्यंत चढू शकतं. हेच द्रव्य चरबीतून रात्रंदिवस थोडं थोडं झिरपत राहिलं तर दाहाचं लक्षण ठरतं. स्नायूतून कामापुरतं उसळून ओसरलं तर साखर आणि चरबी वापरायला मदत करतं, दाहही शमवतं. द्रव्य एकच, ते कुठून आलं आणि किती वेळ राहिलं यावर त्याचा गुण ठरतो. अशा स्नायूजन्य संप्रेरकांना मायोकाइन म्हणतात. २०१२ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या गटाने आयरिसिन शोधलं. ते उंदरांतल्या पांढऱ्या चरबीला साखर-चरबी जाळणाऱ्या तपकिरी चरबीसारखं वागायला लावतं. गरोदरपणातल्या मधुमेहात आयरिसिन कमी आढळल्याचे बरेच अभ्यास आहेत, उलट सांगणारेही आहेत, म्हणून त्याच्यावर मी फार भार टाकत नाही. मायोस्टॅटिनचं मात्र पक्कं आहे: ते स्नायूची वाढ रोखून धरतं. बेल्जियन ब्लू नावाच्या गाईंमध्ये त्याचा जनुक निकामी असतो, म्हणून त्या जनावरांची पुठ्ठी बघवत नाहीत इतकी फुगलेली असतात. वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना हे चित्र दाखवलं की मायोस्टॅटिन पुन्हा शिकवावं लागत नाही.

तर जावेचं असं ठरलं, की दोन्ही जेवणांनंतर पंधरा-वीस मिनिटं तिने अंगणातून गोठ्यापर्यंत आणि परत असं सावकाश चालायचं. डॉक्टरांना विचारूनच, तिला रक्तस्राव नव्हता, रक्तदाब ठीक होता, म्हणून त्यांनी होकार दिला. ताटातला भात अर्ध्यावर आला, चहातली साखर गेली, तुरीचं वरण घट्ट झालं, रोज एक अंडं आलं. ज्वारीची भाकर परत आली. सोयाबीनने आमच्या शिवारातून ज्वारी हटवली आणि रेशनच्या गहू-तांदळाने ती ताटातून हटवली, त्याला आता बरीच वर्षं झाली. भाकर थापणारे हातही घरात सासूबाईंचेच उरले आहेत. त्यांनीच तव्यावर जवस भाजून चटणी कुटली, अंबाडीची आणि चिवळीची भाजी केली. पुण्याच्या त्याच अभ्यासात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त खाणाऱ्या आयांची बाळं जास्त भरलेली निघाली होती, हे त्यांना मी सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत आली. गोळी किंवा इन्शुलिन लागलं नाही. लागलं असतं तर ते घ्यायलाच हवं होतं, कारण काही बायकांना चालूनही आणि पथ्य करूनही लागतं, आणि त्यात त्या बाईचा काही दोष नसतो.

पण 'गरोदर बाईने चाललं पाहिजे' हे वाक्य मी गावात सगळ्यांना सरसकट सांगत नाही. आमच्या वावरात वेचणीला येणाऱ्या बायकांत दर हंगामात एखादी तरी सात-आठ महिन्यांची असते. कमरेला ओटी बांधलेली, ती पोटाच्या खाली सरकलेली, ओटीत कापूस भरत जातो तसा कमरेवर भार वाढत जातो. वाकून, दोन्ही हातांनी बोंडं सोलत, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. संध्याकाळी काट्यावर कापूस घातला जातो आणि किलोवर मजुरी मिळते, त्यामुळे मधे बसली तर पैसे बुडाले. घरी जाऊन हापशीवरून पाणी आणायचं असतं ते वेगळंच. याच पुणे अभ्यासात असंही दिसलं, की शेतीचं जड काम आणि पाणी वाहणं ज्या बायकांना गरोदरपणी जास्त करावं लागलं त्यांची बाळं लहान निघाली. म्हणजे त्या बाईच्या स्नायूंना आणखी काम नको आहे. तिला मजुरी न बुडता विश्रांती आणि पोटभर वरण-भाकर हवी आहे. तिच्या पोटातलं बाळ स्नायू कमी आणि चरबी राखून जन्माला येईल, ते वीस-पंचवीस वर्षांनी दोन पैसे कमावू लागेल, बसकं काम करेल, आणि मग सगळे म्हणतील की आजकाल पोरांना शुगर लवकर होते. तिची मुलगी असेल तर गोष्ट आणखी पुढे जाते, कारण मुलीच्या अंडाशयातली बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. एकाच धुऱ्याच्या अलीकडे एक बाई खाटेवर बसून साखर वाढवते आणि पलीकडे दुसरी राबून बाळाचे स्नायू गमावते. हे मला दर वेचणीला सलतं. गरोदर बाईला आमच्या वावरात ओटी बांधू द्यायची नाही, सावलीत कापूस निवडायचं काम द्यायचं आणि पूर्ण रोज द्यायचा, एवढं आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. शेजारचे अजून कुरकुरतात.

जावेचं बाळंतपण माहेरी, वाशीम जिल्ह्यात झालं. मुलगी झाली, २.९ किलोची, साखर ठीक. तासाभरात अंगावर पाजलं. बाळंतपणानंतर बहुतेक बायकांची साखर उतरते, हिचीही उतरली, आणि घोटाळा नेमका इथून सुरू होतो. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शिरा, सव्वा महिना खाटेला टेकून, आणि 'गेली बाई एकदाची साखर' असा सगळ्यांचा सुटकेचा श्वास. पण ज्यांना गरोदरपणात मधुमेह झाला त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सातपट असतो, हे 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलं. स्तनपानाने तो कमी होतो, चालत्या स्नायूंनी कमी होतो, आणि मुळात तो लक्षात असला तर कमी होतो.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईला पुन्हा ग्लुकोज देऊन तपासायचं असतं. बहुतेकींची ही तपासणी होतच नाही. कारण गरोदरपणाची नोंद सासरच्या उपकेंद्रात आणि बाई माहेरी. तिथल्या नर्सबाईंना तिच्या साखरेची गंधवार्ताही नसते. पण त्याच सुमाराला, दीड महिन्यांचं झाल्यावर, बाळाला पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोस द्यायचा असतो, आणि तो सहसा कुणी चुकवत नाही. आमच्या आशाताईंनी जावेला माहेरी पाठवताना माता-बाल कार्डाच्या लसीकरणाच्या पानावर, दीड महिन्याच्या रकान्यावर, लाल पेनाने लिहून दिलं होतं: 'त्या दिवशी आईची साखर बघणे.' तिकडच्या नर्सबाईंनी ते वाचलं. त्यांच्याकडे ग्लुकोज संपलं होतं, भावाने मेडिकलमधून पुडा आणला. बाळाला डोस दिला, आईला पेला दिला, दोघी दोन तास तिथेच थांबल्या. आकडा ११६ आला. आता दर वर्षी एकदा बघायचं, म्हणजे पुढची तपासणी मुलीला दीड वर्षाच्या बूस्टरला नेतील त्याच्याही आधी येते. म्हणून आशाताईंनी नऊ महिन्यांच्या गोवर-रुबेलाच्या रकान्याशेजारीही तीच ओळ लिहून ठेवली आहे. ही ओळ कार्डावर छापूनच यायला हवी, असं मी आणि आशाताईंनी मिळून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लिहून दिलं आहे. तोवर गावातल्या प्रत्येक साखर निघालेल्या बाईच्या कार्डावर ती लाल पेनाने लिहिली जाते.